सुपूर्द न झालेला तपशील



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन संयोजक माझ्या घरी आले तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो विषयाचा नव्हता आणि मानधनाचाही नव्हता (मानधनाविषयी वक्त्याने बोलू नये हा आपल्या व्याख्यानमालांचा जुना शिरस्ता आहे आणि तो मोडण्याचे धैर्य मला या वयात कोठून येणार?); मी एवढेच विचारले, की वेळ सायंकाळी साडेपाचचीच का? त्यांचे उत्तर तयार होते. सकाळची ड्युटी दोनला सुटते, रात्रीची आठला लागते. तेव्हा साडेपाचला सुरू करून सातच्या सुमारास आटोपले तर दोन्हीकडच्या सिस्टर येऊ शकतात. मी म्हटले, ‘आणि दुपारच्या?’ ते म्हणाले, ‘त्या कशा येतील?’

त्या कशा येतील! ज्या वर्गाविषयी आज बोलावयाचे त्यातला एक हिस्सा, आपण कोणतीही वेळ ठरवली तरी, सभागृहात गैरहजरच असणार. आणि तो गैरहजर आहे म्हणूनच ज्यांचे कोणी आप्त या क्षणी रुग्णालयात पडून आहेत असे आपल्यातले श्रोतेही येथे निर्धास्तपणे बसू शकले आहेत. त्या गैरहजर श्रोत्यांना प्रथम नमस्कार करतो.

ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे त्यांनी आपले नाव फलकावर नको असे सांगून ठेवले होते. संयोजकांनी ते पाळले आहे, मीही पाळतो. त्या परिचारिका होत्या, एवढे पुरे. मी स्वतः वैद्यक शिकलेला नाही. माझे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेले. माझा अधिकार एवढाच, की मी एका परिचारिकेचा मुलगा आहे, आणि ड्युटीवरून घरी आलेली परिचारिका उंबरठ्यापासून पहिल्या झोपेपर्यंत काय करते हे मी वीसएक वर्षे जवळून पाहिले आहे. तिचे वॉर्डातले काम पुष्कळांनी पाहिले, त्याची स्तुतीही पुष्कळांनी केली. मला बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या दोन-तीन तासांविषयी, ज्यांची नोंद कोठल्याही दप्तरात होत नाही.

प्रारंभ एका शब्दापासून करतो. भाषेच्या शिक्षकाची ती खोड आहे. रुग्णालयात ड्युटी संपताना जो कार्यभार पुढच्या पाळीच्या हवाली करतात त्याला तिथली मंडळी ‘ओव्हर’ म्हणतात. ओव्हर द्यायचा असतो, ओव्हर घ्यायचा असतो, आणि ओव्हर झाल्याखेरीज कोणाला वॉर्ड सोडता येत नाही. सकाळी पावणेआठला कोणत्याही मोठ्या वॉर्डाच्या दाराशी उभे राहा. रात्रीची सिस्टर हातात रिपोर्ट बुक घेऊन पलंगामागून पलंग पुढे सरकते आणि सकाळची तिच्यामागून चालते. बेड नंबर सात, कालचे ऑपरेशन, सलाईन चालू, रात्री दोनदा उलटी, ताप उतरला. बेड नंबर आठ, आज डिस्चार्ज, नातेवाईक बिलासाठी गेलेत. मग औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या, कुलपात ठेवायच्या इंजेक्शनांची मोजदाद, थर्मामीटर किती, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले किती आणि रिकामे किती. एक कात्री कमी भरली तर सारा वॉर्ड धुंडाळतात, मावशी चादरी झटकतात, मामा कचऱ्याची बादली उपडी करतात, आणि ती सापडेपर्यंत बारा तास उभी राहिलेली ती बाई दाराकडे पाहत तशीच थांबते. एका कात्रीचा एवढा हिशेब! तो असावाच, त्याविषयी माझी तक्रार नाही.

परंतु या तपशिलाच्या मध्येच एक ओळ येऊन जाते: ‘बेड नंबर नऊ, एक्स्पायर, पाच दहाला, बॉडी दिली.’ बस, एवढेच, आणि पुढे बेड नंबर दहा. बेड नंबर नऊवरच्या त्या म्हातारीने पहाटे चार वाजल्यापासून सिस्टरचे मनगट धरून ठेवले होते, एका हाताने दुसऱ्या पलंगाची सलाईन बदलायची म्हणून ते सोडवून घ्यावे लागले होते, आणि परत येईपर्यंत दहा मिनिटे झाली होती. हे कोणत्या रकान्यात लिहायचे? ते कोणाच्या हवाली करायचे? किल्ल्या सुपूर्द झाल्या, कात्री सुपूर्द झाली, रुग्ण सुपूर्द झाले. ते मनगट मात्र सुपूर्द झाले नाही. ते ती घरी घेऊन आली.

माझे आजचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. ड्युटीनंतरचा जो शीण म्हणून आपण म्हणतो, तो सगळा पायांचा आणि पाठीचा शीण नसतो. ज्याचा ओव्हर झाला नाही असा कार्यभार त्यात असतो, आणि तो उतरवण्याची जबाबदारी आपण त्या एकट्या बाईवर, तिच्या घरावर आणि तिच्या नशिबावर सोडून दिली आहे.

आपण मराठीत ज्याला शुश्रूषा म्हणतो तो शब्द ‘श्रु’ धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आज्ञापालन, सेवा, रुग्णसेवा हे अर्थ त्याला मागाहून चिकटले. म्हणजे शुश्रूषा करणारी ती ऐकू इच्छिणारी, आणि खरोखरच ती दिवसभर ऐकत असते: कण्हणे ऐकते, घंटा ऐकते, डॉक्टरांच्या सूचना ऐकते, आणि नातेवाइकांचे तोंडसुख तर ऐकतेच ऐकते. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. त्यांतल्या उपस्थात्याला, म्हणजे परिचारकाला, चार गुण आवश्यक मानले: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. चारही गुण निर्विवाद. परंतु मला नेहमी वाटते, की अनुरागाची अपेक्षा करणाऱ्या शास्त्राने त्या अनुरागाचे रात्री घरी गेल्यावर काय करायचे, याचे एखादे सूत्र लिहून ठेवले असते तर बरे झाले असते. ज्ञान घरी नेऊन बाजूला ठेवता येते, दक्षता सैल करता येते, हात धुऊन शुचिताही संपवता येते. अनुराग कोठे ठेवायचा?

येथे थोडे विषयांतर करतो. रुग्णालयातली हाक मारण्याची रीत तुमच्या लक्षात आली आहे का? परिचारिका ती सिस्टर, पुरुष परिचारक तो ब्रदर, आयाबाई ती मावशी, वॉर्डबॉय तो मामा. सगळा गोतावळा! त्यांत नात्याबाहेर राहिला तो एकटा डॉक्टर. त्याला आपण डॉक्टरसाहेब म्हणतो. ‘सिस्टर’ हा शब्द ख्रिस्ती धर्मसंघांच्या परंपरेतून आला, जिथे सेवा हे व्रत होते. आपण तो घेतला आणि त्याच्याभोवती आपली मावशी आणि आपला मामा गोळा केला. हे गोड आहे, यात शंका नाही. पण नात्याला पाळी नसते, हे त्यातले मर्म आहे. साहेबाची कचेरी पाचला बंद होते, हे सर्वांना मान्य असते. बहीण दोन वाजता सुटते हे मात्र कोणाला पटत नाही. ‘सिस्टर, जाताजाता एवढं बघा’ हे वाक्य मी माझ्या आईला चालत्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात आणि एकदा तर स्मशानाच्या वाटेवर ऐकून घेताना पाहिले आहे. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही सरकारी पदनामे कानाला कितीही बोजड वाटोत, त्यांत एक उपकार आहे: अधिपरिचारिकेची ड्युटी सुटू शकते.

आता मी तुम्हांला माझ्या घरी नेतो. माझी आई जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सरकारी रुग्णालयात होती. दुपारच्या ड्युटीवरून ती साडेआठच्या पुढे घरी येई, ती पुढच्या दाराने नव्हे, परसातून. सरळ मोरीवर जाई; पांढरे पातळ वेगळ्या बादलीत भिजत घाली; हात कोपरापर्यंत धुई, मग पुन्हा धुई. ती आत येण्यापूर्वी माझी आजी (ही तिची सासू, बरे का) परसदारच्या पायरीकडे एक नजर टाकून येत असे. चपला भिंतीला लावून नीट ठेवलेल्या असल्या तर आजी ताटे मांडायला घेई. एखादी चप्पल पायरीवर उपडी पडलेली असली की आजी ताटे मांडत नसे. ती कोनाड्यातून सूप काढी, त्यात दोन मुठी तांदूळ घेई आणि ते सूप दिव्याखाली ठेवून देई. आई येऊन त्याच्यासमोर बसे आणि तांदूळ निवडू लागे. पंधरा मिनिटे, वीस मिनिटे, क्वचित अर्धा तास. कोणी काही विचारायचे नाही, रेडिओ लावायचा नाही, माझ्या वडिलांनीसुद्धा वर्तमानपत्राची घडी आवाज न करता करायची. खडा सापडला की ती तो बोटाने जमिनीवर ठेवी. खड्यांची एक लहानशी ओळ होई. मग कधीतरी ती सूप बाजूला सारून म्हणे, ‘वाढा.’ त्या काळी सुनेने सासूला ‘वाढा’ म्हणणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शेजारच्या काकूंनी त्यावर टीकाटिप्पणी केलेली मला आठवते. आजी त्यांना एवढेच म्हणाली होती, ‘ती सरकारी नोकर आहे. हुकूम सोडायची सवय असते.’ ही थाप होती. आईला हुकूम ऐकायचीच सवय होती.

तांदूळ रेशनचा होता तोवर यात काही विशेष नव्हते. खड्यांची ददात नव्हती. पुढे वडिलांना बढती मिळाली, घरात बरा तांदूळ येऊ लागला, आणि तरीही सुपात खडे निघतच राहिले. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. एका दुपारी मी आजीला चहाच्या जुन्या डब्यातून चिमूटभर खडे काढून तांदळात मिसळताना पाहिले. आईने आदल्या खेपेला वेचलेलेच खडे ते! केर काढताना आजी ते गोळा करून ठेवीत असे. मी विचारले, ‘आजी, हे काय करतेस?’ ती म्हणाली, ‘गप बैस. तिला निवडायला लागतं.’

आजी निरक्षर होती. मानसशास्त्र हा शब्द तिने ऐकलाही नसेल. परंतु दिवसभर ज्या बाईच्या हातून पुष्कळ काही निसटले तिच्या हाताला पूर्ण होईल असे, मोजता येईल असे, कोणाच्या प्राणाशी ज्याचा संबंध नाही असे एखादे बारीक काम लागते, हे तिला कोणी न सांगता कळले होते. आणखी एक गोष्ट तिला कळली होती. ‘काय झालं गं आज?’ हा प्रश्न, कितीही मायेने विचारला तरी, पहिल्या अर्ध्या तासात विचारायचा नसतो.

या संदर्भात मला एक फार मोठे उदाहरण आठवते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या आणि १८५६ च्या ऑगस्टात मायदेशी परतल्या. हातात दिवा घेतलेली त्यांची आकृती तोपर्यंत इंग्लंडच्या घराघरांत पोचली होती आणि सत्काराची जय्यत तयारी होती. त्या परतल्या कशा? ‘मिस स्मिथ’ असे साधे नाव धारण करून, गाजावाजा चुकवून, त्या आपल्या घरी गेल्या. दिव्याच्या त्या चित्राइतकेच चुपचाप घरात शिरणारी मिस स्मिथ हेही चित्र परिचर्येच्या इतिहासात लावण्याजोगे आहे. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढली कित्येक वर्षे बहुतेक काळ त्या आपल्या खोलीत, अंथरुणावर पडून राहिल्या. आणि त्या खोलीत त्यांनी काय केले? आकडे निवडले. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, याचा हिशेब त्यांनी महिन्यामहिन्याने मांडला, त्याच्या आकृत्या रंगवल्या, आणि सरकारच्या पुढ्यात ठेवल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सभासद करून घेतले, त्या मानाच्या पहिल्या स्त्री मानकरी त्या. नाइटिंगेलबाईंना आकडे निवडायला लागत होते. फरक एवढाच, की त्यांच्या खड्यांची ओळ युद्धखात्याला वाचावी लागली.

आपल्या महाराष्ट्रात या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी काय सोसावे लागले त्याचा विस्तार मी करीत नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले स्वतः प्लेगाने गेल्या हे तुम्ही जाणताच. आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानड्यांनी चांगल्या घरच्या विधवांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायचे ठरवले तेव्हा समाजाने काय काय म्हटले असेल याची कल्पना तुम्हीच करा. त्या पिढीने बाईला घराबाहेर, रुग्णाच्या खाटेपर्यंत नेले. खाटेपासून घरापर्यंतची परतीची वाट मात्र तशीच राहिली.

ती वाट आज कशी आहे? मुंबईतल्या सिस्टरला विचारा; ती सांगेल, लोकलचा लेडीज डबा. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी पहिली महिला विशेष गाडी धावली. पण लेडीज डबा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि या शहरातले ते एक फार मोठे विश्रामगृह आहे असे माझे मत आहे. तेथे मेथी निवडली जाते, गवार मोडली जाते, मटार सोलले जातात. कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक मांडीवर कापला जातो. माझ्या आजीचे सूप तेथे प्लास्टिकच्या पिशवीच्या रूपाने अवतरले आहे. ठाण्यापर्यंत एक शब्द न बोलता खिडकीला डोके टेकून बसणारी आणि कळव्याची खाडी ओलांडल्यावर पहिल्यांदा हसणारी बाई नित्याच्या मैत्रिणींना ठाऊक असते. त्या तिला ठाण्यापर्यंत हाक मारीत नाहीत. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकायला जागा देणे आणि काही न विचारणे, हा त्या डब्याचा अलिखित कायदा आहे.

रात्रपाळीची गोष्ट आणखी निराळी. नाइट संपवून सकाळी साडेआठ-नऊला बाहेर पडावे तर समोर लख्ख ऊन. आणि ऊन डोळ्यांत गेले की शरीर समजते, दिवस सुरू झाला. झोप आणणारे स्राव आटतात. घरी पोचावे तो दूधवाला, भंगारवाला, शेजारची कुकरची शिट्टी आणि ‘बरं आहे बाई, दिवसा झोपायला मिळतं’ असे म्हणणारी एखादी हितचिंतक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीच्या कामाची गणना बहुधा कर्करोगकारक अशा गोष्टींत केली, एवढे सांगितले म्हणजे हे ‘दिवसा झोपायला मिळणे’ शरीराला काय भावात पडते ते ध्यानात येईल. आणि झोपायचे तरी केव्हा? मुलांची शाळा, सासऱ्यांचे औषध, गॅसवाला. घरची ड्युटी ही चौथी पाळी; तिला रिलीव्हर नाही.

आता मी एका नाजूक मुद्द्याकडे येतो, आणि येथे माझ्या स्वतःच्या फजितीची हकीकत सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाने, नाव सांगत नाही, परिचारिकांसाठी तणावमुक्तीचे शिबिर भरवले आणि वक्ता म्हणून मला बोलावले. वेळ सकाळी अकराची. मी ‘मनःशांती आणि मराठी संतकाव्य’ अशा काहीतरी भारदस्त विषयावर तासभर बोललो. पुढच्या तीन रांगा गाढ झोपल्या होत्या. मला अंमळ वाईट वाटले. नंतर कळले, की त्या रात्रपाळी संपवून तशाच थांबलेल्या होत्या. हजेरी सक्तीची होती, मस्टरवर सह्या घेतल्या होत्या. त्या तासाभरात माझ्या हातून परिचारिकांची जी काही सेवा घडली ती त्यांना झोप लागण्याइतपत एकसुरी बोललो हीच. बंधुभगिनींनो, तणाव हा तिचा वैयक्तिक दोष आहे, तिने प्राणायाम केला, डायरी लिहिली, छंद जोपासला की तो जाईल, ही समजूत मोठी सोयीची आहे. सोयीची कोणाला? जे ड्युटीची यादी लावतात त्यांना. प्राणायामाला माझा विरोध नाही. माझी आजीही तांदळाला विरोध करीत नव्हती. पण तांदूळ निवडून पलंगांची संख्या कमी होत नाही.

१९५९ साली इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की मृत्यू, वेदना आणि घाण यांच्या नित्य सान्निध्याने येणारी व्याकुळता सोसवत नाही म्हणून रुग्णालयाने नकळत एक बंदोबस्त केला आहे: कामाचे तुकडे पाडायचे, एकीने एका रुग्णाजवळ फार वेळ थांबायचे नाही, वारंवार बदल्या करायच्या, रुग्णाला नावाने नव्हे तर खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. म्हणजे मघाचा आपला ‘बेड नंबर नऊ’ केवळ घाईचा शब्द नव्हता. ती एक ढाल होती. पण मेन्झीसबाईंचा निष्कर्ष असा, की ही ढाल व्याकुळता थोपवते, जिरवीत नाही. उलट रुग्णाला बरे केल्याचे जे समाधान परिचारिकेला मिळायचे त्यालाही ती आड येते, आणि पुष्कळ मुली, त्यांतल्या चांगल्या मुली, शिक्षण अर्धवट सोडून जातात. या गोष्टीला साठ वर्षे उलटून गेली.

मग याला उपाय काय? उपाय कोणी केलेच नाहीत असे नाही. बोस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे एक वकील फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी पडले; औषधांपेक्षाही एका परिचारिकेने हात धरून दोन शब्द बोलण्याने आपल्याला किती धीर आला हे त्यांनी लिहून ठेवले आणि १९९५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेने एक साधी प्रथा पाडली: डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, सगळ्यांनी ठराविक दिवशी एकत्र बसायचे आणि रोगनिदानाविषयी नव्हे, तर त्या रुग्णाजवळ असताना आपल्याला काय वाटले त्याविषयी बोलायचे. ही प्रथा पुढे ब्रिटनमध्येही गेली. व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टल्स या परिचारकाने याहूनही लहान गोष्ट केली. तातडीच्या विभागात रुग्ण दगावला, की यंत्रे आवरण्याची धांदल सुरू होण्याआधी सर्वांनी त्या खाटेभोवती मिनिटभर मुकाट्याने उभे राहायचे. एक मिनिट! त्या एका मिनिटात बेड नंबर नऊ पुन्हा म्हातारी होते. इंग्लंडमधल्या काही रुग्णालयांत तर बाहेर जाण्याच्या दाराशी एक तक्ता लावलेला असतो: आजच्या दिवसातले अवघड काय होते ते आठव आणि सोड, बरे काय झाले ते आठव, बरोबरीची सहकारी ठीक आहे ना ते पाहा, आणि मग घराकडे वळ.

हे आपल्याकडे का होऊ नये? कोणी म्हणेल, वेळ कोठे आहे? हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो अक्षरशः खरा आहे. आपल्या अनेक रुग्णालयांतला शिरस्ता पाहा: सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, रात्र आठ ते आठ. सहा, सहा आणि बारा. बेरीज बरोबर चोवीस! एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. मग ओव्हर होतो केव्हा? कात्री शोधतात ती कोणाच्या वेळात? ज्या कारकुनाने हे कोष्टक प्रथम आखले त्याचे गणित उत्तम असले पाहिजे. परंतु एक बाई दुसरीच्या हवाली काही करते आणि हवाली करायला वेळ लागतो, हे त्याच्या गणितात नव्हते. किल्ल्यांच्या ओव्हरलाच जिथे वेळ धरलेला नाही, तिथे मनाच्या ओव्हरला तो कोठून निघणार? शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेले आहे. आपल्यापैकी जो कोणी रात्री कोणा आप्ताच्या खाटेशी स्टुलावर बसला असेल त्याने वॉर्डातल्या खाटा आणि पांढरे कपडे यांचा भागाकार आपल्यापुरता करून पाहावा.

आणि कपड्यांचा विषय निघालाच आहे तर तो तसाच सोडता येत नाही. ड्युटी संपली की प्रथम काय करायचे असते? कपडे बदलायचे असतात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातली अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका काम संपवून तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिथे तिच्यावर जो अत्याचार झाला तो मी येथे वर्णन करीत नाही. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. मागणी सुरक्षिततेची होती. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिने देह ठेवीपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. ज्यांनी शेवटी शेवटी तिची वेणी घातली त्यांतल्या कित्येकजणी १९७३ मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या शुश्रूषेचा मुक्तकंठाने गौरव केला. दिवसाला तीन ओव्हर धरले तर या साडेएकेचाळीस वर्षांत अरुणा पंचेचाळीस हजारांहून अधिक वेळा एकीने दुसरीच्या हवाली केली असा ढोबळ हिशेब निघतो. जगाने याला सेवेचा आदर्श म्हटले, आणि ते योग्यच आहे. मी फक्त एवढे विचारतो, की त्या पंचेचाळीस हजार वेळांनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येकीने कपडे कोठे बदलले? दाराला आतून कडी असलेली, दिवा लागणारी, एक बाक आणि पाण्याचा नळ असलेली खोली, हे तणावमुक्तीचे पहिले साधन आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी सिस्टर आजही साठवणीच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांआड, पाठमोऱ्या उभ्या राहून साडी नेसतात.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे वर्ष म्हणून आधीच घोषित केले होते. नाइटिंगेलबाईंच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती. नियतीने ते वर्ष कसे साजरे केले ते आपण पाहिले. २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी गॅलरीत येऊन टाळ्या पिटल्या, थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, आणि मनापासून वाजवली. मात्र पाचला दुपारची पाळी चालू असते. त्या वेळी परिचारिका वॉर्डात होती, तिला काही ऐकू आले नसेल. पुढे त्याच वर्षी, अनेक ठिकाणी, घरी परतलेल्या परिचारिकांना इमारतीच्या फाटकाशी अडवले गेले. माझी आई तेव्हा हयात नव्हती. असती तर तिने कोणाला नावे ठेवली नसती. परसातून आली असती.

मला आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या होत्या, एक पुरुष परिचारकांविषयी, ज्यांना रडण्याची सवलत घरीही नसते, आणि एक निवृत्तीनंतरच्या स्वप्नांविषयी. आई वयाच्या सत्तराव्या वर्षीही झोपेत ‘नऊ नंबरची सलाईन’ असे पुटपुटत असे. परंतु घड्याळात सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत, आणि मागच्या दोन रांगांत पिशव्या आवरण्याची हालचाल मला येथून दिसते आहे. त्या भगिनींची आठची नाइट आहे. बस पावणेआठच्या आत पोचली नाही तर दुपारच्या सिस्टर तिकडे दाराकडे पाहत उभ्या राहतील. आभारप्रदर्शन आणि पुष्पगुच्छ नंतर होतील. बाकीच्या श्रोत्यांनी कृपा करून जागेवरच बसावे, मधली वाट मोकळी ठेवावी, आणि त्यांना आधी जाऊ द्यावे. मी थांबतो.